हुसेनचाचांचा ठोसा आणि आमचे भाऊसाहेब

लोणावळ्याच्या मालधक्क्यावर मी नोकरीला लागलो त्याच दिवशी आमच्या हेडक्लार्कनी माझ्या मामांची अब्रू घेतली.

माझा गुन्हा एवढाच की मी बोललो. नवा माणूस, सगळे गप्प बसलेले, काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "आमचे मामा फार मोठे पैलवान होते. त्यांची पाठ कधी मातीला लागली नाही."

हेडक्लार्कनी टाक खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "पाहिलंत की ऐकलंत?"

"ऐकलं."

"कुणाकडून?"

"आईकडून."

"आईंनी पाहिलं?"

आई कसली कुस्ती पाहायला जाते! तिने आजोबांकडून ऐकलेलं आणि आजोबांनी खुद्द मामांकडून. हे बाहेर यायला अर्धा तास गेला. तोवर धक्क्यावर उर्शाहून आलेल्या तांदळाच्या गाड्या ताटकळत होत्या आणि गाडीवाले आत डोकावून जात होते. त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता यांनी मला मामांचं वजन, प्रतिस्पर्ध्यांची नावं, कुस्त्या कोणत्या जत्रांत झाल्या, सगळं विचारलं. मला एकाचंही उत्तर येईना. संध्याकाळी ऑफिस बंद करताना त्यांनी निकाल दिला, "तुमचे मामा तालमीत जात असत, एवढं धरायला हरकत नाही."

मी घरी जाऊन जेवलो नाही.

या हेडक्लार्कना सगळं लोणावळं भाऊसाहेब म्हणायचं. त्यांचं पूर्ण नाव मी लिहीत नाही. छापलेलं वाचलं की लोकांना ते खरं वाटतं, ही त्यांची जन्माची तक्रार होती. त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली. या नऊ वर्षांत मी नोकरी सोडायचं सात-आठ वेळा तरी ठरवलं असेल आणि दर वेळी कारण एकच होतं, भाऊसाहेब.

त्यांना नाद होता जुन्या मुष्टियोद्ध्यांचा. आता कुणी म्हणेल, मावळात मुष्टियुद्ध कुठून आलं? तर ते रेल्वेबरोबर आलं. घाट चढायला जादा इंजिनं लागत, त्यामुळे लोणावळ्याला गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांची मोठी वस्ती. त्यांचा क्लब, क्लबापुढे मैदान, मैदानाला लागून यार्ड. पलीकडे खंडाळ्याला गोऱ्या सोल्जरांची छावणी पडायची. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे दर हिवाळ्यात त्या मैदानावर दोरखंड बांधून सामने होत. गावातले लोक त्याला 'ठोशांची कुस्ती' म्हणत आणि यार्डातल्या वाघिणींवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यांवर, चढून बघत.

भाऊसाहेब भुसावळहून बदलून आले ते हे सगळं संपल्यावर. म्हणजे ज्या ठोसेबाजांसाठी त्यांनी आपलं आणि माझं आयुष्य झिजवलं, त्यांतल्या एकालाही त्यांनी लढताना पाहिलं नव्हतं. कधी हातमोजा घातला नव्हता. अंगकाठी अशी की मालधक्क्याचं दार वाऱ्याने आपटलं तरी दचकत. पण "त्याच्यासारखा पुन्हा झाला नाही" असं कुणी कुणाबद्दल म्हटलं, की त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागे. "कशावरून?" असं ते विचारत, आणि मग त्या माणसाची सुटका नसे.

पेन्शनीत गेलेल्या ड्रायव्हरांना ते पोस्टकार्डं धाडत. सामना पाहिला तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात? सूर्य समोर होता की पाठीमागे? कुणाच्या नावाने ओरडत होतात? उत्तरं आली की त्यांचे तीन गठ्ठे करत. एक 'पाहिलं', दुसरा 'ऐकलं', तिसरा 'फेकलं'. तिसरा गठ्ठा इतका फुगला होता की त्याला बांधायला पार्सलची सुतळी पुरत नसे.

वर्तमानपत्रातल्या बातमीवर त्यांचा विश्वास नव्हता. बातमीदार पुढच्या रांगेत बसतो, त्याला एकाची पाठच दिसते, हे त्यांचं म्हणणं. फोटोवर तर मुळीच नाही. "फोटोत कुणीही मूठ वळून उभा राहील. तुम्हीसुद्धा," असं ते मला म्हणत. हे 'सुद्धा' मला फार लागे.

पण पोस्टकार्डापर्यंत असतं तर मी सोसलं असतं. कार्डात वर्णन केलेला ठोसा मुळात मारता येतो का, हे ते करून बघत, आणि करून बघायला माणूस लागे. दुपारी माल कमी असला की पोत्यांच्या थप्पीआड मला उभं करत, माझ्या दोन्ही मुठींना गोणपाट गुंडाळत, स्वतःच्या उजव्या मुठीला गुंडाळत, आणि डाव्या हातात कार्ड धरून वाचत वाचत माझ्यावर चालून येत. "हं, इथे तो खाली वाकला. वाका. आणखी. आता इथे याने उजव्या हाताने..." एकदा अक्षर नीट लागलं नाही म्हणून ते थांबले, मी वाकलेलाच होतो, आणि नेमकं अक्षर लागलं तेव्हा मी सरळ होत होतो. नाकातून घळाघळा रक्त आलं. भाऊसाहेब घाबरले, त्यांनी मला पाणी दिलं, उपरण्याने नाक पुसलं, आणि हळूच कार्डावर लिहिलं, 'शक्य आहे.'

वहिनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, एकदा मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही सुटून तरी जाता हो सहाला. आमचं लग्न झालं हे यांना मान्य आहे, ते केवळ स्वतः हजर होते म्हणून."

हुसेनचाचांचं प्रकरण आलं ते मला तिथे तीन वर्षं झाल्यावर, दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या जरा आधी. त्या प्रकरणाने माझा जो जीव खाल्ला तो आजही आठवला की माझा हात टेबलावर आपटतो.

हुसेनचाचा वळवणला राहत. जन्म इंजिनावर कोळसा मारण्यात गेलेला. ते डावखुरे होते, त्यामुळे कोणत्याही ड्रायव्हरला त्यांच्याबरोबर काम करणं आवडत नसे. सगळी इंजिनं उजव्या हाताच्या माणसासाठी बांधलेली आणि यांचं फावडं नेमकं ड्रायव्हरच्या गुडघ्याशी यायचं. तरुणपणी सोल्जरांना सरावासाठी कुणी ठोसे खाणारा हवा असे, तेव्हा यांना बोलावत. असे ठोसे खाता खाता ते ठोसे द्यायलाही शिकले. आणि एका हिवाळ्यात, असं लोक सांगत, छावणीतल्या पलटणीच्या चँपियनला त्यांनी त्या मैदानावर भर दुपारी डाव्या हाताच्या एका ठोशात आडवा केला. त्याबद्दल एका ओळीची बातमी कुठे आली नाही. गोऱ्याला काळ्याने पाडल्याची बातमी कोण छापणार?

मी पाहिले तेव्हा चाचा साठी ओलांडलेले होते. दोन्ही हात सारखे थरथरत. जीभ जड. चालताना मध्येच तोल जाई, मग भिंतीला हात लावून थांबत. डोक्यावर घेतलेल्या ठोशांचं ते देणं होतं. पण बाजारात कुणाला काय माहीत? लोक त्यांना दारुडा समजत. त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. चिक्कीच्या दुकानापुढून चाचा गेले की कुणीतरी म्हणणारच, "आज सकाळीच लावली वाटतं." हे त्यांना ऐकू येई. ते काही बोलत नसत, कारण बोलायला गेलं की जीभ अडखळे आणि लोकांची खात्रीच पटे.

त्यांचा मुलगा वारलेला. घरात सून आणि नात जैनब. जैनबला कामशेतचं एक चांगलं स्थळ आलं होतं, आणि आजा पितो हे ऐकून ते लोक थबकले होते.

त्याच सुमाराला क्लबाच्या सेक्रेटरीने, म्हणजे एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने, व्हरांड्यात एक मोठी फळी लावायचं ठरवलं. या मैदानावर ज्यांनी कुणा मानलेल्या चँपियनला खाली पाडलं, त्यांची नावं सोनेरी अक्षरांत. सात नावं ठरली, सगळी साहेबांची. हुसेनचाचांच्या सुनेने हे ऐकलं आणि ती सेक्रेटरीकडे गेली. व्हरांडा रस्त्यावरून दिसतो. त्या फळीवर अब्बांचं नाव लागलं तर हात कशाने थरथरतात हे जगाला कळेल, असं तिचं साधं म्हणणं होतं. सेक्रेटरी माणूस चांगला. त्या सामन्याच्या वेळी तो इगतपुरीला होता, त्यामुळे त्याला काही माहीत नव्हतं. तो मालधक्क्यावर आला आणि भाऊसाहेबांना म्हणाला, "बाबू, तुम बोलेगा तो नाम लिखेगा. तुम नहीं बोलेगा तो नहीं लिखेगा."

मी मनात म्हटलं, संपलं.

आणि खरंच, दीड महिना भाऊसाहेब काही बोलेचनात. अकरा माणसांच्या त्यांनी जबान्या घेतल्या. खंडाळ्याच्या एका बंगल्यावरचा म्हातारा माळी शपथेवर सांगत होता, "म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. वाघिणीवर बसलोतो. हुसेननं असा हाणला, सायेब तोंड वासून पडला, आन् पंच म्हनून त्यो दुसरा सायेब व्हता ना, त्याची टोपी उडाली."

"टोपी कशी उडाली?"

"वाऱ्यानं."

"कसला वारा?"

"ठोशाचा, दुसरं काय!"

माळी तिसऱ्या गठ्ठ्यात गेला. मी हात जोडून म्हटलं, "अहो, टोपी सोडून द्या. बाकीचं तर खरं असेल?" ते म्हणाले, "टोपी कुठे संपते आणि बाकीचं कुठे सुरू होतं, हे मला दाखवा."

मग अचानक ती फिल्म निघाली.

खंडाळ्याला एका पारशी शेटजींचा बंगला होता. त्या काळी त्यांनी हाताने फिरवायचा सिनेमाचा कॅमेरा आणला होता आणि दिसेल त्याची चित्रं घेत. शेटजी वारल्यावर त्यांच्या सूनबाई बंगला आवरत होत्या, तेव्हा ट्रंकेत एक डबा निघाला. त्यावर शेटजींच्या अक्षरात या मैदानाचं नाव आणि 'ठोसाठोशी' एवढंच. बाई दुसऱ्या दिवशी सामान घेऊन मुंबईला निघणार होत्या. त्यांनी एका दुपारपुरता डबा दिला. बाजारात तंबूचा सिनेमा आला होता, त्याचं मशीन आणि माणूस आम्ही क्लबाच्या हॉलमध्ये आणला. खिडक्यांना घोंगड्या लावल्या. एका खिडकीची घोंगडी सारखी सुटायची, म्हणून धोंडिबा नावाच्या पॉइंट्समनला, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्याला, ती धरून उभं केलं.

हुसेनचाचा पुढच्या बाकावर, धुतलेला सदरा घालून. शेजारी सून. भाऊसाहेब त्याही पुढे जमिनीवर, पडद्यापासून हातभर अंतरावर. ठोसा हातात नसतो, पायात असतो, अशी त्यांची ठाम समजूत होती, म्हणून ते फक्त पाय बघणार होते.

सारी फिल्म वीस सेकंदांची. पडद्यावर सगळ्या ओरखड्यांच्या धारा लागलेल्या. दोन माणसं, एक काळा आणि एक गोरा, बाहुल्यांसारखी तुरुतुरु हलतात. चेहऱ्यांच्या जागी नुसते डाग. काळा एकदम आत शिरतो, गोरा पाठीवर आडवा पडतो, मध्येच एक कुत्रं येतं आणि संपलं.

गोरा पडला तसे चाचा बाकावरून उठले. हसत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. सिनेमावाल्याने आणखी एकदा दाखवली, तिसऱ्यांदा नको म्हणाला, जुनी फिल्म आहे, पेट घेईल. घोंगड्या काढल्या. आम्ही सगळे भाऊसाहेबांकडे बघतोय.

भाऊसाहेब उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "याचा डावा पाय पुढे होता. ठोसा उजव्या हाताचा. चाचा, तुमचा हात कोणता?"

सून पटकन काहीतरी बोलणार होती. पण चाचा खरं बोलणारे. "डावा. उजव्यानं म्या कदी साधा खिळाबी ठोकला न्हाई."

"मग हे तुम्ही नव्हे," भाऊसाहेब म्हणाले. "छावणीतला एक खानसामाही लढत असे, अशी दोन कार्डं माझ्याकडे आहेत. तो असेल."

चाचा खाली बसले. त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "आसंल. माजं डोस्कं आता ठिकाणावर न्हाई. तुमी अभ्यास केलाय." सुनेने त्यांचा दंड धरला आणि दोघं निघाली. मला त्या क्षणी भाऊसाहेबांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. एक माणूस आपली उभी जिंदगी घेऊन समोर बसलाय आणि हे पाय मोजतायत!

दोन दिवसांनी धोंडिबा धक्क्यावर तंबाखू मळत उभा होता. मला म्हणाला, "भाऊ, त्या पिच्चरमदला शिंगल कुटला व्हता वो?"

"कसला सिग्नल?"

"मारामारीच्या मागं व्हता न्हवं का त्यो. तोंड आपल्याकडं, आन् हात उजव्या अंगाला. आसला शिंगल सबंद घाटात न्हाई. आसता तर डायवर येडं झालं आसतं."

मी जागच्या जागी उभा राहिलो. रेल्वेच्या माणसाला हे समजावून सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. सिग्नलचा हात, म्हणजे खांबावरची वरखाली होणारी आडवी पाटी, तोंडाकडून बघितला तर खांबाच्या डाव्या बाजूलाच असतो, आणि त्यावरचा पट्टा पुढून वेगळा, पाठीमागून वेगळा. तोंड आपल्याकडे आणि हात उजवीकडे, असा सिग्नल असूच शकत नाही. म्हणजे सिनेमावाल्याने फिल्म उलटी बसवली होती! डावं ते उजवं दिसलं होतं. म्हणजे तो ठोसा डाव्याच हाताचा. खोलीभर रेल्वेची माणसं बसलेली, सगळी ठोसा बघत होती, आमचे साहेब पाय बघत होते, आणि सिग्नल पाहिला तो घोंगडी धरणाऱ्याने. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मी धावत आत गेलो. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा पडला, हे मी कबूल करतो. पण मग काय म्हणावं या माणसाने? "असा सिग्नल सबंध घाटात नाही, हे धोंडिबा म्हणतो. आपण मोजलेत का?"

फिल्म पुन्हा बघावी तर बाईंचं पत्र आलं, डब्यातल्या फिल्मचा चिकट गोळा झाला होता, टाकून दिली. सिनेमावाला तळेगावला गेलेला. त्याला तिथे जाऊन गाठलं, तर म्हणाला, उलटी बसली असेल, सांगता येत नाही. तेव्हा सिग्नल मोजणं आलं. तीन रविवार! तीन रविवार या माणसाने मला खंडाळ्यापासून मळवलीपर्यंत रुळांच्या कडेने चालवलं. प्रत्येक खांबाखाली उभं राहून वर बघायचं आणि म्हणायचं, "डावीकडे." कार्ल्याच्या डोंगरासमोर आलो तेव्हा माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि डोकं फिरलं होतं. मी ओरडलो, "अहो, इतकी वर्षं या लाइनीवर नोकरी करताय! रोज सिग्नल बघताय!"

"लक्ष देऊन पाहिले नव्हते," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

तिसऱ्या रविवारनंतर लगेच सोमवारी त्यांनी सेक्रेटरीला सांगितलं, नाव लिहा. रंगाऱ्याने आठवं नाव लिहिलं.

तो आठवडा सरायच्या आत चाचांची सून धक्क्यावर हजर. डोळे रडून लाल. "भाऊसाहेब, नाव लिवलं खरं. पर अब्बा म्हनत्यात, त्यो मी न्हवतोच. शुक्रवारी कामशेतचे लोक यायचेत. फळी बघून आले की अब्बांना इचारनारच. आन् अब्बा सांगनार, त्यो दुसरा कुनी व्हता म्हनून. त्यांना खोटं बोलता येत न्हाई. मग दारुडा तर दारुडा, वर दुसऱ्याचं नाव चोरलं म्हनतील. पोरीचं काय करू मी?"

भाऊसाहेब टोपी घालून उठले. मला म्हणाले, "चला."

वळवणला चाचा अंगणात बाजेवर बसले होते. भाऊसाहेबांनी काठीने मातीत सिग्नल काढला, फिल्म काढली, उलटी केली, सुलटी केली. पुन्हा पुन्हा समजावलं. चाचांनी सगळं अदबीनं ऐकलं.

"फिलम उलटी आसंल, भाऊसाहेब. पर तुमीच म्हनला व्हता, त्यो मी न्हवं."

"मी चुकलो होतो."

"मग आता चुकत न्हाई कशावरनं?"

नऊ वर्षांत भाऊसाहेबांचा प्रश्न त्यांच्यावरच उलटलेला मी तेवढा एकदाच पाहिला. खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग चाचा हळू आवाजात म्हणाले, "मला आटवतंय ते खरं का मनाचं, मला कळंना झालंय. रात्रंदिस त्येच इचार. इतकी वर्सं मी दुसऱ्याचा ठोसा माजा म्हनून जपला का काय?" त्यांचे ओठ थरथरत होते, आणि ते दुखण्याने नव्हे. हे आम्ही केलं होतं. त्यांच्याजवळ जन्माची एक गोष्ट होती, ती आम्ही अभ्यास करून काढून घेतली होती.

भाऊसाहेब बाजेच्या कडेवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चाचा, मी तिथं होतो," ते म्हणाले.

आणि हे तर सगळे सामने संपल्यावर लोणावळ्याला आलेले!

"यार्डातल्या वाघिणीवर बसलो होतो. ऊन पाठीमागून येत होतं. चौथ्या फेरीपर्यंत तुम्ही नुसतं खात होतात. तुमच्या भिवईतून रक्त येत होतं. मग तो उजवीकडे वळला आणि तुम्ही आत शिरलात. डाव्या हाताने, असा, खालून. तो तोंड वासून पडला. एक कुत्रं दोरीखालून आत आलं. आणि तो पंच होता ना साहेब, त्याची टोपी उडाली."

भिवई भुसावळच्या एका ड्रायव्हरच्या कार्डातली. ऊन दुसऱ्याच्या. टोपी तर त्या माळ्याची! मला एकेक तुकडा ओळखता येत होता. पण भाऊसाहेब असे सांगत होते की मलाच ते मैदान दिसायला लागलं. चाचांचा डावा हात मांडीवर होता. त्याची बोटं एकेक करून मिटली आणि मूठ झाली. ती थरथरत होती, पण मूठ होती.

"टोपी," चाचा म्हणाले. "व्हय. उडालीती टोपी. कुनाला पटत न्हाई म्हनून मी सांगायचं सोडलं." मग एकदम भाऊसाहेबांकडे बघून, "येवडे दिस बोलला का न्हाई?"

"भुसावळहून, कामावरून पळून आलो होतो. सांगायची लाज वाटली."

शुक्रवारी कामशेतची मंडळी आली. मुलाचा बाप सरळ माणूस. त्याने चहाला हात लावायच्या आधी विचारलं, "फळीवरचं नाव तुमचंच का?"

"माजंच," चाचा म्हणाले. "दारूला मी शिवलो न्हाई कदी. ह्ये हात ठोसे खाऊन गेलेत. ह्या भाऊसाहेबांनी डोळ्यांनी बघितलंय, इचारा."

सगळे वळले. गावात भाऊसाहेबांची ख्याती अशी की बारसं झालं तरी ते पोराची खातरजमा करत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "हो," ते म्हणाले, "मी पाहिलं." मुलाच्या बापाने बशी उचलली. दोन महिन्यांत लग्न झालं. जैनबच्या लग्नात हुसेनचाचा मांडवभर फिरत होते, तोल जात होता, आणि पोरं धावत येऊन त्यांना हात देत होती.

इथे सगळं गोड झालं असं कुणाला वाटेल. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी सगळी पोस्टकार्डं आणून माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुम्ही ठेवा, नाहीतर बंबात घाला."

"का?"

"मी खोटी साक्ष दिली. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्याचं खरंखोटं ठरवायचा मला आता अधिकार नाही."

मी समजावलं. म्हटलं, अहो, सामना झाला हे खरं, ठोसा डाव्या हाताचा हे खरं, चाचा प्यायले नाहीत हे खरं. एवढ्या खऱ्याच्या पोटात तुमचं एवढंसं खोटं. त्यांनी विचारलं, "मी तिथे नव्हतो, हे खरं की नाही?" मी टेबलावर मूठ आपटली, आवाज चढवला, नको ते बोललो. धक्क्यावरचे हमाल काम थांबवून बघायला लागले. भाऊसाहेब शांतपणे चलनांवर शिक्के मारत होते.

त्यानंतर सहा वर्षं मी त्यांच्याजवळ होतो. या काळात त्यांनी कुणाला एक प्रश्न विचारला नाही. लोक मुद्दाम त्यांच्यापुढे येऊन वाटेल त्या थापा मारत, वाघ मारल्याच्या, इंजिन ओढल्याच्या. भाऊसाहेब चष्म्यातून बघत आणि म्हणत, "असेल." मी एकदा न राहवून म्हणालो, माझे मामा रुस्तम-ए-हिंद होते. तरीही तेच, "असेल." मला त्यांचे ते शंभर प्रश्न, ते तीन रविवार, ते फुटलेलं नाक, सगळं परत हवं होतं. सगळ्या आयुष्यात त्यांनी एकच गोष्ट न पाहता सांगितली, ती एका म्हाताऱ्याला त्याचं आयुष्य परत द्यायला, आणि तिच्यापायी स्वतःचं आयुष्य मिटवून ठेवलं. त्यांनी मला नऊ वर्षं छळलं, पण त्यांचा इतका राग मला कधी आला नव्हता. ते जाऊन आता किती वर्षं झाली, तरी तो राग गेलेला नाही.